‘ज्योत्स्ना’ किती लांब?

मागच्या वर्षी मंडळाच्या कथाकथन स्पर्धेची यादी मी फलकावर लावली आणि तासाभरात पहिल्या वर्षाची एक मुलगी मला शोधत लॅबमध्ये आली. ‘‘दादा, माझं नाव अर्धंच छापलंय की.’’ मला वाटलं, कागद कडेला कापला गेला असेल. जाऊन बघितलं तर तसं काही नव्हतं. नावाची सुरुवात नीट होती, मध्येच ते तुटलं होतं आणि तुटल्या जागी काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह बसलं होतं. तिचं खरं नाव इथे देत नाही. त्याच घडणीचं दुसरं नाव घेऊ : ज्योत्स्ना. फलकावर होतं ‘ज्योत्’ आणि पुढे ते प्रश्नचिन्ह.

ती एकटीच नव्हती. फ्रान्सिस ‘फ्रान्’वर थांबला होता, सुप्रियाची ‘सुप्रि’ झाली होती. उषा आणि रमेश मात्र शाबूत. पण शाबूत नावांपुढचे क्रमांकही एका रेषेत नव्हते. कुणाचा क्रमांक आत, कुणाचा बाहेर. उजवीकडचा रकाना दारू प्यायल्यासारखा झुलत होता.

यादी हाताने केली असती तर असं झालंच नसतं. ती मी शेल स्क्रिप्टने केली होती. स्क्रिप्ट तपासूनही घेतली होती, फक्त इंग्रजी नावांवर. मग ऐन वेळी फाइल बदलली, मराठी नावं घातली आणि न बघता प्रिंट मारली. चूक माझी होती. पण ती शोधताना जे कळलं ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही आवडेल असं वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांनी शेल बघितलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. युनिक्स किंवा लिनक्स यंत्रावर काळ्या खिडकीत आपण कमांड टाइप करतो. ती वाचून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्याच कमांड एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतोय; टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे घ्यायचे.

पडद्यावर काही उमटवायचं तर नवशिका ‘एको’ वापरतो. मीही सुरुवातीला तेच करायचो. एको दिलेला मजकूर जशाचा तसा बाहेर टाकतो आणि ओळ संपवतो. साध्या कामाला ठीक. पण ओळ न संपवता थांबायचं असेल तर काही यंत्रांवर ‘वजा एन’ द्यावं लागतं, काहींवर मजकुराच्या शेवटी ‘उलटी तिरकी रेघ, सी’. युनिक्सच्या दोन जुन्या घराण्यांतलं हे भांडण कधी मिटलंच नाही, आणि मानक लिहिणाऱ्यांनी शेवटी हात टेकले : जिथे भरवसा हवा तिथे एको सोडा आणि ‘प्रिंटएफ’ वापरा, असा त्यांचा सल्ला आहे.

प्रिंटएफ मुळात सी भाषेतलं. त्याला आधी एक साचा द्यायचा आणि मग त्या साच्यात ओतायच्या गोष्टी. माझ्या स्क्रिप्टमधली ती ओळ अशी होती :

प्रिंटएफ '%-२०.२०एस %५डी\एन' "$नाव" "$क्रमांक"

टक्क्याचं चिन्ह म्हणजे ‘इथे काहीतरी येणार’. एस म्हणजे मजकूर, डी म्हणजे पूर्णांक. टक्क्यानंतरचा २० म्हणजे रकान्याची कमीत कमी रुंदी. नाव त्याहून लहान असेल तर उरलेली जागा मोकळी भरायची. वजा म्हणजे नाव डावीकडे टेकवा, मोकळी जागा उजवीकडे जाऊ द्या. टिंबानंतरचा २० ही वरची मर्यादा : नाव त्याहून मोठं असेल तर कापा. ‘%५डी’ म्हणजे क्रमांक पाच घरांत, उजवीकडे टेकवून. शेवटची तिरकी रेघ आणि एन म्हणजे नवी ओळ.

साचा चांगला आहे. इंग्रजी नावांची यादी त्यातून पाटीवर पट्टी ठेवून लिहिल्यासारखी निघते. गोम आहे ती ‘२०’मध्ये. वीस काय? मी समजत होतो, वीस अक्षरं. प्रिंटएफ समजत होता, वीस बाइट.

इथे मंडळाच्या सभासदांना थोडं घरच्या मैदानावर आणतो. शब्द मोजायच्या दोन रीती आपल्याला वृत्तांच्या तासाला शिकवल्यात. मोठ्या अभंगाच्या चरणात आपण अक्षरं मोजतो : सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. जोडाक्षर कितीही अवघड असो, ते एकच. मात्रावृत्तात मात्र लघूची एक आणि गुरूची दोन असा हिशेब. ‘उषा’ अक्षरांनी दोन, मात्रांनी तीन. ‘ज्योत्स्ना’ अक्षरांनी दोनच, मात्रांनी चार. शब्द तोच, माप वेगळं, म्हणून उत्तर वेगळं. यात आपल्याला काही विचित्र वाटत नाही.

संगणकाकडे अशी आणखी तीन मापं आहेत, आणि सगळा घोळ त्यांच्या सरमिसळीतून होतो.

पहिलं माप कोडपॉइंट. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. देवनागरीत व्यंजनाला एक, स्वराला एक, कान्याला एक, वेलांटीला एक, आणि पाय मोडणाऱ्या हलन्त चिन्हालाही एक. जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक नसतो. ते व्यंजन, हलन्त, व्यंजन असं ओळीने लिहिलं जातं आणि जोडून दाखवायचं काम फाँट करतो. म्हणजे ‘ज्योत्स्ना’ आतून अशी आहे : ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त, स, हलन्त, न, काना. दहा कोडपॉइंट.

दुसरं माप बाइट. फाइलीत ते क्रमांक साठवायचे कसे, याची आज सगळीकडे चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. हलन्तालाही ३, अनुस्वाराच्या टिंबालाही ३. ज्योत्स्ना झाली ३० बाइटची. उषा ९ बाइटची. आमच्या बेळगावात यादीत कन्नड लिपीतली नावंही येतात. कन्नडलाही चिन्हामागे ३ बाइटच, त्यामुळे तिथेही हीच गत.

आता माझा ‘टिंब २०’ लावून बघा. वीस बाइटमध्ये सहा चिन्हं पुरी बसतात, त्यांचे १८ बाइट. ज, हलन्त, य, ओकार, त, हलन्त : ‘ज्योत्’. उरले २ बाइट. पुढच्या ‘स’ला ३ हवेत. प्रिंटएफने ‘स’चे दोन तृतीयांश तुकडे कापून घेतले आणि तिसरा टाकून दिला. असा तुटका तुकडा कुठल्याच अक्षराचा नसतो, म्हणून पडद्यावर आणि कागदावर ते प्रश्नचिन्ह आलं. सहा चिन्हांपेक्षा मोठं प्रत्येक नाव असंच तुटलं. रमेश चार चिन्हांचा, १२ बाइटचा, म्हणून वाचला.

तिसरं माप पडद्यावरच्या रुंदीचं. टर्मिनलचा पडदा चौकटीच्या वहीसारखा असतो. एका घरात एक अक्षर. देवनागरीतली काही चिन्हं स्वतःचं घर घेतात : व्यंजनं, काना, दोन्ही वेलांट्या, ओकार. काही दुसऱ्याच्या घरात वर किंवा खाली बसतात : उकार, अनुस्वार, वरची मात्रा, हलन्त. त्यांची रुंदी शून्य धरतात. या हिशेबाने ज्योत्स्नाला सात घरं लागतात, उषाला तीन.

म्हणजे ‘ज्योत्स्ना’ किती लांब? अक्षरं २, कोडपॉइंट १०, बाइट ३०, घरं ७. चारही उत्तरं बरोबर.

कापणं बाजूला ठेवलं आणि साच्यात नुसतं ‘%-२०एस’ ठेवलं, तरी यादी वाकडीच येते. उषा ९ बाइटची म्हणून प्रिंटएफ तिच्यापुढे ११ मोकळ्या जागा भरतो. पडद्यावर ३ अधिक ११, म्हणजे १४ घरं. ज्योत्स्ना ३० बाइटची, म्हणजे वीसच्या पुढे गेलीच, तेव्हा तिच्यापुढे एकही जागा नाही. पडद्यावर ७ घरं. पुढचा क्रमांक एकीचा पंधराव्या घरापासून, दुसरीचा आठव्यापासून. रकाना का झुलतो ते कळलं.

इंग्रजीवाल्यांना हे इतकी वर्षं खुपलं नाही, कारण त्यांची तिन्ही मापं एकच होती. १९६३ साली ठरलेल्या अ‍ॅस्की संचात १२८ चिन्हं. एक अक्षर, एक बाइट, टेलिटाइपच्या कागदावर एक घर. युनिक्सचा जन्म १९६९चा, बेल लॅब्जमधला, आणि तो याच जगात वाढला. तिथे ‘बाइट’ म्हटलं काय आणि ‘अक्षर’ म्हटलं काय, फरकच पडत नव्हता. शेलच्या प्रिंटएफचं मानकही रुंदी बाइटमध्येच सांगतं.

गंमत अशी की, ज्याने युनिक्स सुरू केलं त्या केन थॉम्पसननेच यूटीएफ-८ही घडवलं, रॉब पाइकच्या सोबतीने. सप्टेंबर १९९२मधली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका खानावळीत रात्री जेवताना टेबलावरच्या कागदी चटईवर त्याने ते मांडलं. आणि शेलसाठीचं पोसिक्स मानक मंजूर झालं तेही १९९२ सालीच. एकाच वर्षी एकीकडे जगातल्या सगळ्या लिप्यांना दार उघडलं, दुसरीकडे रकान्याची रुंदी बाइटमध्ये पक्की झाली. त्या दाराच्या उंबऱ्यात आमची ज्योत्स्ना अडखळली.

रंगांनीही हेच होतं, हे मला मागाहून कळलं. टर्मिनलवर एखादं नाव लाल दाखवायचं तर त्याच्या मागेपुढे न दिसणाऱ्या खुणा घालाव्या लागतात. त्या दिसत नाहीत पण बाइट खातात, आणि रकाना लगेच हलतो. तेव्हा ज्यांना वाटतं की हे फक्त ‘आपल्या भाषेचं दुखणं’ आहे, त्यांनी इंग्रजी यादीत एक नाव रंगवून बघावं.

आता यावर काय करायचं?

मोजायची सवय आधी लावून घ्या. ‘डब्ल्यूसी’ ही कमांड तिन्ही मापं देते. ‘वजा सी’ने बाइट, ‘वजा एम’ने कोडपॉइंट, आणि लिनक्सवरच्या ग्नू आवृत्तीत ‘वजा मोठा एल’ने सगळ्यात लांब ओळीची पडद्यावरची रुंदी. फक्त मोजायला पाठवताना एको वापरू नका. तो ओळ संपवण्याचा एक बाइट वाढवतो आणि ३०चे ३१ होतात. ‘वजा एम’चा आकडा लोकेलवर अवलंबून असतो, म्हणजे यंत्राला कुठली भाषा आणि कुठली साठवणरीत सांगितली आहे त्यावर. लोकेल यूटीएफ-८चं असेल तर ज्योत्स्ना १०. ते ‘सी’ नावाचं जुनं लोकेल असेल तर यंत्राला देवनागरी माहीतच नसते. दिवसा हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते आणि रात्री क्रॉनकडून चालवली की बिघडते, असं झालं तर पहिला संशय लोकेलवर घ्या. क्रॉन बहुतेक वेळा आपलं लोकेल सोबत नेत नाही.

मोजता आलं की जुगाड सुचतो. प्रिंटएफला बाइटच कळतात ना? मग त्याला बाइटच्याच भाषेत सांगायचं. हवी असलेली रुंदी अधिक बाइट वजा घरं, एवढी रुंदी त्याला द्यायची :

बाइट=$(प्रिंटएफ '%एस' "$नाव" | डब्ल्यूसी -सी)
घरं=$(प्रिंटएफ '%एस' "$नाव" | डब्ल्यूसी -मोठा-एल)
प्रिंटएफ '%-*एस %५डी\एन' $((२० + बाइट - घरं)) "$नाव" "$क्रमांक"

साच्यातला तारा म्हणजे ‘रुंदीचा आकडा मागून येतोय’. बॅश शेलला तो चालतो. ज्योत्स्नाचा हिशेब करा : २० अधिक ३० वजा ७, म्हणजे ४३. प्रिंटएफ ४३ बाइट पुरे करायला १३ मोकळ्या जागा घालतो. पडद्यावर ७ आणि १३, बरोबर २०. उषाचा : २० अधिक ९ वजा ३, म्हणजे २६, मोकळ्या जागा १७, पडद्यावर ३ आणि १७, पुन्हा २०. वहीत हे गणित जुळलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटाच टाळी वाजवली, हे कबूल करतो.

पण प्रत्येक नावामागे डब्ल्यूसी दोनदा हाकारायचा म्हणजे कंटाळवाणं, आणि हजार नावं असली तर मंदही. त्यापेक्षा सोपी वाट ‘कॉलम’ नावाच्या कमांडची. नाव आणि क्रमांक यांच्यामध्ये फक्त एक टॅब टाकून ओळी तयार करा आणि त्या ‘कॉलम वजा टी’कडे पाठवा. ‘वजा एस’ने त्याला सांगा की रकाने टॅबने वेगळे केलेत, नाहीतर तो नाव आणि आडनाव यांच्यातल्या मोकळ्या जागेवरही रकाना तोडेल. लिनक्सवरचा कॉलम घरं मोजतो, बाइट नाही. सगळी यादी आधी वाचून तो सर्वांत रुंद नाव शोधतो, त्यामुळे ‘२०’ असा आकडा आपण आधी ठरवायचीही गरज नाही.

ऑक वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ऑक ही आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांची १९७७ची करणी, आणि आज तिचे बरेच अवतार आहेत. ग्नूचा ‘गॉक’ यूटीएफ-८ लोकेलमध्ये कोडपॉइंट मोजतो. उबुंटूवर न सांगता मिळणारा ‘मॉक’ बाइट मोजत आलाय. एकच स्क्रिप्ट माझ्या लॅपटॉपवर बरी आणि लॅबच्या यंत्रावर वाईट चालायची, त्याचं कारण हेच. आणि गॉकही पुरता बरोबर नाही : ज्योत्स्नाचे तो १० धरतो, १० मोकळ्या जागा घालतो, आणि पडद्यावर होतात १७. तीन घरं कमी. वाकडेपणा जातो असं नाही, कमी होतो.

सगळ्यात सोपा उपाय मात्र मला आमच्या मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी सांगितला, आणि त्या मराठीच्या, संगणकाच्या नव्हे. मी फळ्यावर बाइट आणि घरं काढून समजावत होतो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘अरे, मग नाव शेवटी लिही की.’’ क्रमांक आधी, वर्ग मग, नाव सर्वांत उजवीकडे. शेवटच्या रकान्यानंतर भरायला काही उरतच नाही, त्यामुळे नाव कितीही लांब असो, काही हलत नाही आणि कापायचीही गरज पडत नाही. आकड्यांचे रकाने रोमन आकड्यांत ठेवले की ते तिन्ही मापांनी सारखेच. हजेरीपटाची आपली रीतही अशीच आहे, अनुक्रमांक आधी, नाव नंतर. माझ्या डोक्यात आलं नाही.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर दोन खड्डे दाखवून ठेवतो. हजेरी क्रमांक ०८ असा, आधी शून्य लावून लिहिलेला असेल आणि तो ‘%०३डी’मध्ये दिला तर बॅश चक्क तक्रार करतो आणि ००० छापतो. आधी शून्य असलेला आकडा तो अष्टमान पद्धतीतला समजतो, आणि अष्टमानात ८ आणि ९ नसतातच. म्हणून ०७ पर्यंत सगळं ठीक आणि ०८, ०९ ही दोनच मुलं यादीत शून्य होतात. उपाय : आकडेमोडीत आधी ‘१०’ आणि हॅशचं चिन्ह लावून त्याला दशमान असल्याचं सांगायचं.

दुसरा खड्डा देवनागरी आकड्यांचा. ‘१२’ असं देवनागरीत लिहून ‘%डी’ला दिलं तर त्याच्या लेखी तो आकडाच नाही. तेव्हा सगळा हिशेब रोमन आकड्यांत करायचा आणि अगदी शेवटी, छापायच्या आधी, देवनागरीत बदलायचं. इथे बरेच जण ‘टीआर’कडे वळतात, कारण चिन्हाला चिन्ह बदलणं हेच तिचं काम. पण ग्नूची टीआर बाइटला बाइट बदलते. १च्या जागी ३ बाइटचं चिन्ह तिला घालता येत नाही आणि बाहेर कचरा पडतो. ‘सेड’चा ‘वाय’ आदेश हे नीट करतो : एका बाजूला रोमन शून्य ते नऊ, दुसऱ्या बाजूला देवनागरी शून्य ते नऊ. लोकेल यूटीएफ-८चं हवं. नसेल तर सेड म्हणेल की दोन्ही बाजूंची लांबी सारखी नाही. त्याच्या बाइटी नजरेने बघितलं तर खरंच नसते, १० विरुद्ध ३०.

आणखी एक, साच्याबद्दल. फाइलीतली ओळ सरळ साच्याच्या जागी ठेवू नका. पुस्तक प्रदर्शनाच्या यादीत ‘२०% सवलत’ असं लिहिलेलं होतं आणि प्रिंटएफने तो टक्का स्वतःसाठी आहे असं समजून मध्येच गळा काढला. साचा आपला, मजकूर लोकांचा; साच्यात फक्त ‘%एस\एन’, आणि ओळ त्याच्यामागे अवतरणचिन्हांत.

हे सगळं करूनही एक मर्यादा राहते. वरचा हिशेब टर्मिनलच्या चौकटीच्या वहीचा आहे. तुमचा टर्मिनल आणि फाँट जोडाक्षरं कशी काढतो यावर नजरेला थोडं पुढेमागे दिसू शकतं. काही टर्मिनल जोडाक्षर जोडतच नाहीत, हलन्त दाखवून मोकळे होतात. आणि हीच यादी व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली तर तिथे घरं नसतातच, प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी. तिथे मोकळ्या जागा मोजत बसणं म्हणजे वाळूत रेघा मारणं. यादी ग्रुपवर जाणार असेल तर रकान्यांचा नाद सोडून एका ओळीत एक नाव द्यावं. फलकावर लागणार असेल तर स्क्रिप्टने टॅब घातलेली फाइल करावी, ती स्प्रेडशीटमध्ये उघडावी आणि रेघा मारायचं काम त्याच्यावर सोडावं.

मी त्याच दुपारी नवी यादी काढली, क्रमांक आधी, नाव शेवटी, न कापता. प्रिंट मारण्याआधी एकेक नाव मोठ्याने वाचलं. सगळी पुरी होती. तरी एकूण नावांत एक जास्त भरत होतं. शोधल्यावर ‘कऱ्हाडे’ दोनदा सापडलं. एकाच विद्यार्थ्याने अर्ज दोनदा भरला होता, आणि नावं क्रमाने लावून दुबार ओळी काढणारी माझी कमांड त्याला पकडू शकली नव्हती. डोळ्यांना दोन्ही आडनावं सारखीच. डब्ल्यूसीला विचारलं तर एक २१ बाइटचं, दुसरं २४चं. मराठीतला हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो : एकतर खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह. एक फोनवरच्या कीबोर्डवरून आलेलं होतं, एक लॅबमधून. आता स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सेडने दुसऱ्या प्रकारचा ‘र’ पहिल्या प्रकारात बदलून घेतो, मग बाकीचं.

संध्याकाळी यादी लावायला गेलो तेव्हा ती मुलगी तिथेच होती. तिने जुना कागद काढायला मदत केली, स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं, आणि तो तुटका कागद ‘‘दादा, हा मी ठेवू?’’ म्हणून घडी करून वहीत घातला.